जाळी सीटीत दिसत नाही हो

खोकलं-शिंकलं की लघवी सुटते म्हणून ज्या बायकांना जाळीची पट्टी बसवतात ना, त्यांना पुढे काही त्रास झाला की पहिलं सीटी नाहीतर एमआरआय लिहून देतात, आणि आपल्यालाही वाटतं मोठं मशीन म्हणजे सगळं दिसणार. आमच्या फोंड्याच्या मावशीचं हेच झालं. बाई चवथीला फुगडी घालायची बंद झाली होती म्हणून ऑपरेशन केलं, मग काही वर्षं मजेत गेली, आणि आता लघवी अडकत अडकत होते. सीटी केलं, रिपोर्ट नॉर्मल. घरात सगळे म्हणाले, झालं, हिच्या मनाचंच आहे. मला इतका राग आला!

आता ही पट्टी असते पॉलीप्रोपिलीनची, हर्नियाच्या जाळीचं असतं तेच प्लास्टिक, साधारण सेंटीमीटरभर रुंद, मूत्रनळीच्या मधोमध खालून झोळीसारखी घातलेली. १९९६ च्या सुमारास स्वीडनच्या उल्मस्टेन यांनी ही पद्धत आणली. ती सीटीत आजूबाजूच्या मांसात मिसळून जाते, जवळजवळ दिसतच नाही. एमआरआयमध्येसुद्धा पट्टी नीट कळत नाही, पू झालाय का, ओटीपोटाखालच्या हाडामागे गेलेल्या पट्टीच्या टोकांपाशी काही गडबड आहे का, ते बघायला मात्र तो कामाचा. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे पट्टी ठीक, असं होत नाही!

पट्टी स्वच्छ दिसते ती साध्या सोनोग्राफीत, पण पोटावरून नाही, खालून. प्रोबला, म्हणजे सोनोग्राफीच्या मुठीला, कव्हर घालून, जेली लावून तो योनीच्या तोंडाशी बाहेरूनच टेकवतात, आत काही घालत नाहीत. मावशी आधी जाम लाजली, मग म्हणाली, "हे तर काहीच नाही गो." स्क्रीनवर काळपट नळी आणि तिच्यामागे एक पांढरी चमकदार रेघ, खोकायला सांगितलं, जोर काढायला सांगितलं, की ती रेघ वाकते, नळीला किती चिकटते ते तिथंच बघता येतं. मावशीची रेघ नळीला जरा जास्तच चिकटून होती. जाळी योनीत उघडी पडली असेल तर मात्र हाताने तपासूनच कळतं, मूत्राशयात घुसली असेल तर दुर्बीण घालावी लागते.

अमेरिकेत एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी खात्याने, एप्रिल २०१९ मध्ये विक्री थांबवली ती अंग बाहेर आल्यावर योनीतून बसवायच्या जाळीची, लघवीच्या पट्टीची नव्हे. इंग्लंडमध्ये मात्र जुलै २०१८ पासून हीसुद्धा थांबवली. व्हॉट्सॲपवर दोन्हींची खिचडी करून पाठवतात आणि बायका घाबरतात.

जाताना जुना ऑपरेशनचा कागद न्या, पट्टीची टोकं कुठून नेलीयत, हाडामागून की जांघेतून, ते त्यात असतं. आमचा कागद मिळाला रेशनकार्डाच्या पिशवीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पट्टी मध्ये कापून सैल करता येईल, पण लघवी परत सुटू शकते. मावशी अजून विचार करतेय आणि काका अजून सीटीचे पैसे मोजतायत.