पिवळा बोळा

मंगळवार, रात्र

कापसाचा पहिला बोळा पिवळा निघाला तेव्हाच हात थांबायला हवा होता. मी दुसरा वळला. तोही पिवळा निघाला आणि मला चक्क बरं वाटलं. काहीतरी निघतंय म्हणजे काम होतंय. सकाळपासून तेच डोक्यात आहे, ते बरं वाटणं. चूक झाली ती झाली, पण ती होत असताना मी खूश होते.

आमच्या संग्रहालयातला खंडोबाचा टाक, म्हणजे देवघरात पूजतात तो देवाची आकृती उठवलेला पत्रा. उंची 72 मिमी, रुंदी 58, वजन 31.4 ग्रॅम. पुढे चांदीचा पत्रा, मागे तांब्याचा, कडा दुमडून बसवलेल्या. घोडा, मागे बसलेली म्हाळसा, खाली कुत्रा. घोड्याच्या मानेखाली, म्हाळसेच्या पदराच्या घडीत आणि कुत्र्याच्या पाठीशी काहीतरी पिवळसर अडकलेलं. कंडिशन रिपोर्टमध्ये, म्हणजे वस्तूच्या अवस्थेच्या नोंदीत, मी झोकात लिहिलं, 'पिवळसर थर, बहुधा काळं पडण्याची सुरुवात.'

हवेतल्या गंधकामुळे चांदी आधी पिवळट, मग तपकिरी, निळसर आणि शेवटी काळी होते, हे खरंच आहे. पण तो थर धातूचाच झालेला असतो, ओल्या बोळ्याला दाद देत नाही. शिवाय तो उघड्या भागावर पसरतो, खोबणीत दाणे धरून बसत नाही. जुन्या पॉलिशचा गाळ असता तर पांढुरका असता, तांब्याचा गंज असता तर हिरवा. पिवळं, दाणेदार, फक्त खोबणीत, आणि तेही खंडोबाच्या टाकावर! जेजुरीला एकदा जाऊन आलेल्या कुणालाही दाखवलं असतं तरी त्याने सांगितलं असतं की हा भंडारा आहे.

त्यात मी नुसतं पाणी घेतलं नव्हतं. डिस्टिल्ड वॉटर आणि अल्कोहोल निम्मं-निम्मं, लवकर वाळतं म्हणून. हळदीचा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये झकास विरघळतो. म्हणजे मी निवडूनच चुकले.

मला काम शिकवणाऱ्या मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "बोळे कुठेत?"

कचऱ्यात. डबा टेबलावर पालथा केला. टिश्यू, निळे हातमोजे, सुमेधच्या पेन्सिलीची सालं आणि त्यात माझे चार बोळे. मॅडमनी ते चिमट्याने एकेक उचलून टिपकागदावर वाळत ठेवले. मग पॉलिथिनच्या झिपच्या पिशवीत घातले आणि चिठ्ठीवर टाकाचाच ॲक्सेशन नंबर (संग्रहातला नोंदणी क्रमांक) लिहून पुढे 'नमुना' असं लिहिलं. कपाट 4, ट्रे 2. उद्या कुणाला हळद होती का, चुना मिसळला होता का, बाजारातला रंग होता का हे तपासायचं झालं, तर त्यातूनच कळेल. हे ऐकून मला धीर यायला हवा होता. आला नाही.

मग 'उपचार' हा रकाना. मी लिहिलं, 'वस्तू स्वच्छ करण्यात आली.' मॅडमनी शेजारी पेन्सिलीने चार प्रश्न लिहिले : कोणी, कशाने, का, काय निघालं. आयकॉम या संग्रहालयांच्या जागतिक संघटनेच्या आचारसंहितेतलं 2.24 कलम मला पाठ आहे. प्रत्येक उपचाराची नोंद हवी आणि तो शक्य तितका उलटवता यायला हवा. परीक्षेत त्यावर पाच मार्कांचं लिहूनही आले आहे. तिथे 'करण्यात आली' चालून गेलं होतं.

आणि खोडायचं तेही खुणेनिशी. व्हाइटनर नाही, गिरमिटणं नाही. एकच आडवी रेघ, शेजारी आद्याक्षरं आणि तारीख. खालचं वाचता आलंच पाहिजे. म्हणजे 'बहुधा काळं पडण्याची सुरुवात' हे माझं शहाणपण त्या कागदावर कायम वाचता येणार. तो कागद सहज शंभर वर्षं टिकेल असाच आहे, आम्हीच तसा निवडतो.

दुपारी नंबर घालायला बसले, तर तेही धड होईना. टाकाच्या मागे, खालच्या कडेला, पंधरा मिमीची पट्टी. ॲसिटोनमधलं 20 टक्के पॅरालॉइड बी-72, म्हणजे एक पारदर्शक रेझिन, ब्रशने एकदा फिरवायचं, पूर्ण वाळू द्यायचं, त्यावर शाईने नंबर, मग वरून आणखी एक हात. घाई केली की शाई फुटते. आज मी घाई केली नाही, तरी पट्टी दुधाळ झाली. बाहेर पाऊस, खोलीतला आर्द्रतेचा काटा 78 वर. ॲसिटोन झपकन उडतं, पृष्ठभाग गार होतो, हवेतला दमटपणा त्यावर धरतो आणि थर पांढरा पडतो. ॲसिटोनचा एक बोळा फिरवला की सगळं साफ, पुन्हा पहिल्यापासून. बोळा पांढराच निघाला. हे पुसता येतं म्हणूनच तर हे वापरतात.

माझ्या वाट्याला पुसता येणारी चूक दुपारी आली. सकाळी का नाही आली?

जुन्या रजिस्टरात या सगळ्यांची मिळून एकच ओळ आहे : 'देवांचे टाक, नग 23. शेरा : ठीक.' गाव नाही, घराणं नाही, दिलं की विकलं तेही नाही. टाक फार झिजले की लोक ते पाण्यात सोडतात, सोनाराकडून नवे घडवून घेतात आणि देव भेटवायला जेजुरीला नेतात. हे 23 जण त्यातून कसे सुटले कोण जाणे. कुणीतरी यांची पूजा करत होतं याचा पुरावा म्हणजे त्या खोबणीतली चिमूटभर पूड. 'ठीक'.

आमच्या घरच्या भैरोबाला नाक नाही. नवरात्राच्या आधी आई देव उजळते, तिच्याआधी आजी उजळायची. चिंच, मग रांगोळी, नंतर पितांबरी आली. दरवेळी चांदीचा अगदी बारीक थर निघत गेला आणि जे सगळ्यात उंच ते आधी गेलं. कंडिशन रिपोर्टमध्ये याला नुकसान म्हणायचं नाही, 'वापरातली झीज' असा वेगळा उल्लेख करायचा. घोटून नाक घालवलं तर ती झीज, आणि पुसून भंडारा घालवला तर तो उपचार. मी मॅडमना हे म्हणाले. त्या पहिल्यांदाच हसल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या आईच्या हाताखाली देव अजून नांदता आहे." आजीबद्दल काही बोलायचं मनात होतं, ते राहून गेलं.

संध्याकाळी उरलेले 22 पाहिले. हात न लावता, बाजूने तिरका प्रकाश टाकून, दहापट भिंगाखाली. नऊ टाकांच्या खोबणीत पूड आहे, सात पिवळे, दोन कुंकवाचे. नऊ ट्रेंना चिठ्ठ्या लावल्या : 'अवशेष आहेत. पुसू नये.' गंधकमुक्त टिश्यू, खाली कोरलेला फोम, रबरबँड कुठेही नाही. सकाळी काम सुरू करण्याआधी नियम म्हणून फोटो काढले होते, करड्या कार्डाशेजारी पट्टी ठेवून. ते तेव्हा कंटाळत काढले होते. आता तेच काय ते उरले. फोटो मोठा करून पाहिला तर म्हाळसेच्या पदरात पिवळा ठिपका अगदी स्पष्ट. मग टाक पुन्हा भिंगाखाली धरला. कुत्र्याच्या शेपटीमागे मोहरीएवढा भंडारा राहिलाय, तिथे माझी काडी पोहोचली नव्हती. आळसाने एवढं तरी राखलं.

बोळ्यांना नंबर मिळाला, कपाट मिळालं, ट्रे मिळाला. मला दीड महिना झाला, अजून रोज गेटवर नाव लिहून पास घ्यावा लागतो. स्टायपेंडचं तर सोडाच.

आत्ता आईचा फोन येऊन गेला. नवरात्र जवळ आलंय. "तुमच्याकडे चांदीला काय लावतात गं, जरा विचारून ये."

"काही लावत नाहीत."

"काहीच नाही? मग तू तिथे दिवसभर करतेस काय?"