आधी सांगा, पाणी कधी येतं?

“ताई, फाउंडेशन कशानं लावू? बोटांनी, ब्रशनं, का त्या गुलाबी स्पंजनं?” लग्नघरात विचारतात, मंडईत भाजी निवडताना विचारतात. एकदा तर बँकेत पासबुक भरायच्या रांगेत मागच्या बाईनं खांद्यावर टकटक करून विचारलं. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका लग्नात अर्ध्या तासात मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तिन्ही भाषांत हाच प्रश्न आला. नवरीचे मेकअप करायला लागून मला तेरा वर्षं झाली आणि तेवढ्यात माझं उत्तर दोनदा बदललं. आता मी आधी उलट विचारते : तुमच्याकडे पाणी कधी येतं?

पुण्याची पाहुणी असेल तर बघतच राहते. सोलापूरची असेल तर हसते. आमच्या गल्लीत नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, उजनी धरण काठोकाठ भरलेलं असलं तरी. मधले दिवस बोअरवर काढायचे, आणि ते पाणी इतकं जड की साबणाला फेस धरत नाही. फाउंडेशन लावायला हातात काहीही घेतलंत की रोज घासायचं एक भांडं वाढलं. तेवढं कबूल असेल तर पुढचं बोलू.

स्पंजापासून सुरू करते, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथंच आहे. माझी त्याच्याशी पहिली गाठ शाळेच्या गॅदरिंगला पडली. मेकअपवाले काका, त्यांची पत्र्याची पेटी, पॅनकेकची डबी, एक स्पंज आणि पाण्याचा एक मग. महाराजांपासून कोळीनृत्याच्या शेवटच्या रांगेपर्यंत चाळीस पोरं त्या एका मगातून निघाली. माझा नंबर शेवटून तिसरा. तोवर मगातलं पाणी चहासारखं झालं होतं आणि आम्ही सगळे, काळे-गोरे, एकाच पीच रंगाचे. तो पॅनकेक म्हणजे हॉलिवूडच्या मॅक्स फॅक्टरनं १९३०च्या दशकात रंगीत चित्रपटांसाठी काढलेली वडी. ती ओल्या स्पंजानंच लावायची असते. तेव्हा ओला स्पंज ही काही इन्स्टाग्रामची देणगी नाही. अंड्याच्या आकाराचा, बिनकडेचा स्पंज मात्र २००३चा. लॉस एंजेलिसच्या री अ‍ॅन सिल्वा या मेकअप आर्टिस्टनं तो बाजारात आणला. टीव्हीच्या नव्या हाय डेफिनिशन कॅमेऱ्यापुढे मेकअपमधली बारीक रेघही लपेना, म्हणून ती साध्या स्पंजांच्या कडा कात्रीनं कापून गोल करायची. त्यातून ब्यूटीब्लेंडर निघाला.

कोरडा स्पंज फाउंडेशन पितो, आणि महागाचं असेल तर जास्तच पितो असं वाटतं. म्हणून तो पाण्यात बुडवून फुगू द्यायचा, घट्ट पिळायचा, मग टॉवेलात गुंडाळून पुन्हा एकदा दाबायचा (टॉवेलांचा आपल्या गावात तोटा नाही). छिद्रांत पाणी बसलेलं असलं की फाउंडेशनला आत शिरायला जागा कमी राहते. मग थापायचं. शिकायला येणाऱ्या मुलींना मी सांगते, भाकरी थापतेस तसं, भिंत लिंपतेस तसं नाही. घासलंस की खालचं सनस्क्रीन वळ्या होऊन वर येतं. मे महिन्यात पारा ४२-४३ वर असताना, कार्यालयातले पंखे गरम हवा खाली ढकलत असताना, नवरीच्या चेहऱ्यावर असा थापलेला पातळ थरच टिकतो. जाड थर घामानं फाटतो, आणि आधी नाकाच्या कडेला फाटतो, जिथं फोटोग्राफरचं लक्ष हमखास जातं.

एवढा गुणाचा असूनही रोजच्या वापराला मी स्पंज सुचवत नाही, आणि त्याला कारण माझीच चूक आहे. काही वर्षांपूर्वी लागोपाठ तिथी होत्या. रात्री दीडला घरी आले आणि ओला स्पंज तसाच प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून झोपले. दोन दिवसांनी चुलतबहिणीच्या साखरपुड्याला तोच काढला. वरून साबण लावून धुतला, दिसायला स्वच्छ दिसला. तिसऱ्या दिवशी तिच्या दोन्ही गालांवर पुरळ. ती बिचारी काही बोलली नाही. काकू बोलली : “काय लावालीस गं पोरीच्या तोंडाला?” मी घरी येऊन तो स्पंज विळीवर मधोमध चिरला. आत काळे ठिपके, शिळ्या पावासारखे. आई कांदे घेऊन शेजारी थांबली होती. ती एवढंच म्हणाली, “आता ती विळी घासून आण.”

२०१९ मध्ये इंग्लंडमधल्या अ‍ॅस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी लोकांच्या वापरातल्या मेकअपच्या वस्तू तपासल्या, तेव्हा जंतूंच्या बाबतीत स्पंजांचा पहिला नंबर आला. त्यातले ९३ टक्के कधी धुतलेच नव्हते. मी निदान वरून तरी धुतला होता, असं म्हणून मी स्वतःचं समाधान करून घेतलं.

आता प्रत्येक नवरीला नवा स्पंज. काम झालं की तो तिलाच देऊन टाकते, पैशांत धरलेला असतो. घरी वापरायचाच असेल तर दर वेळी, म्हणजे खरोखर दर वेळी, पिळल्यावर पाणी नितळ येईपर्यंत धुवा, उघड्यावर वाळवा आणि तीनेक महिन्यांनी टाकून द्या. वाळण्याच्या बाबतीत आपलं गाव नशीबवान. माझ्या मुंबईच्या बहिणीचा स्पंज जुलैत दुसऱ्या दिवशीही ओलाच असतो.

ब्रशबद्दल थोडक्यात. सुरुवातीला मी गड्ड्याच्या जत्रेत, होम मैदानावरून, बारा ब्रशांचा संच आणला होता. त्याचे केस फाउंडेशनमध्ये अडकून नवरीच्या हनुवटीला दाढी आली. तेव्हा बारा नकोत, एक घ्या : कृत्रिम केसांचा, दाट, सपाट किंवा गोल माथ्याचा. प्राण्याच्या केसांचा ब्रश पावडरला छान, पण पातळ फाउंडेशन तो शोषून घेतो. रंगाऱ्याच्या कुंचल्यासारखा चपटा ब्रश मला कधीच आवडला नाही, त्याच्या रेघा पुसायला शेवटी बोटच लागतं. दाट ब्रशची खरी गरज लागते ती वांग किंवा पुरळाचे डाग झाकायचे असतील तेव्हा, कारण कमी फाउंडेशनमध्ये तो जास्त झाकतो. धुवायला बेबी शाम्पू, आठवड्यातून एकदा. आपल्या हिशेबानं दर पाण्याला एकदा. मात्र पाणी दांड्याच्या बाजूला चढू देऊ नका, धातूच्या पट्टीतला डिंक सुटतो. आडवा ठेवून वाळवा. बरण्यांत उभे करून ठेवलेले ओले ब्रश फोटोत सुंदर दिसतात आणि वर्षभरात टक्कल पडून मरतात.

राहिली बोटं. “मी आपली बोटांनीच लावते” हे सांगताना बायका आवाज खाली आणतात, जणू काही चोरून खाल्लं आहे. का, कोण जाणे. शाळेत शिकवणाऱ्या, बँकेत बसणाऱ्या, सकाळी नऊची बस पकडणाऱ्या बाईला माझं उत्तर बोटं हेच आहे. मी स्वतः बोटांनीच लावते. सनस्क्रीन लावून पाच मिनिटं थांबायचं, तेवढ्यात डबा भरून होतो. मग वाटाण्याएवढं फाउंडेशन मनगटामागे घ्यायचं आणि बोटानं थोडं फिरवायचं. बोटाच्या उबेनं ते सैल होतं, क्रीम किंवा स्टिक असेल तर फारच. कपाळ, दोन्ही गाल, नाक, हनुवटी, असे ठिपके द्यायचे आणि मधल्या दोन बोटांनी मधून बाहेरच्या बाजूला टिपत जायचं. डोळ्यांखाली फक्त अनामिका, तिचा दाब आपोआप हलका पडतो. नंतर तांब्याभर पाण्यात साधन स्वच्छ! अट एकच, लावण्याआधीही हात धुतलेले हवेत, आणि नखं वाढवली असतील तर नखाखालचंही बघा. चेहरा फार तेलकट असेल किंवा दिवसभर कॅमेऱ्यापुढे राहायचं असेल तर बोटं पुरी पडत नाहीत, तिथं स्पंज काढावाच लागतो.

आणि शेड चुकली असेल तर माझ्याकडे येऊन साधन विचारू नका. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली मनगटावर रंग बघून घेतलेली बाटली कशानंही लावा, चेहरा एकीकडे आणि मान एकीकडे दिसणारच. जबड्याच्या कडेला लावून दारात या, उन्हात बघा, मग पैसे द्या.

खाली एकेक करून पाण्याच्या मोटारी सुरू झाल्याचा आवाज येतोय. आज पाणी लवकर आलं. परवाच्या लग्नातले सात ब्रश तसेच पडलेत, ते घेऊन खाली जाते.