धनेशाची ढोली आणि वाया गेलेला दीड तास

मार्चच्या मध्यावर संगमेश्वर तालुक्यात जायचं ते धनेशासाठी, म्हणजे मोठ्या चोचीच्या हॉर्नबिल पक्ष्यासाठी. बाकीचं वाटेत भेटतंच. दादरहून मध्यरात्री सुटलेली तुतारी एक्सप्रेस पहाटे संगमेश्वर रोडला सोडते. तिथून निसर्ग मंडळाच्या मुलांनी जीपमधून वाडीवर नेलं. पहिला दिवस कसब्याचं कर्णेश्वर मंदिर, नदीकाठचे खंड्ये आणि पांगाऱ्यावर मध पिणारे कोतवाल यांत गेला. रात्री जेवायला ओल्या काजूगरांची उसळ, तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं. शिमग्याच्या पालख्या नुकत्याच देवळात परतल्या होत्या, तरी वाढणाऱ्या काकूंना ढोलांबद्दलच बोलायचं होतं. एवढ्या अगत्याने वाढलेलं जेवण मी शहरातल्या कुठल्याही हॉटेलात जेवलेले नाही.

पण लिहायला बसले ती दुसऱ्या दिवशीच्या सकाळमुळे.

देवराईला लागून असलेल्या मालकीच्या रानात एक जुना बेहडा आहे. जमिनीपासून बऱ्याच उंचीवर त्याला ढोली, आणि त्या ढोलीत राजधनेशाची मादी. धनेशाला सुतारपक्ष्यासारखी ढोली कोरता येत नाही. फांदी मोडून, खोड कुजून आपोआप तयार झालेलीच लागते. म्हणजे झाड जुनं आणि जाडजूड हवं. मादी आत शिरली की विष्ठा आणि खाल्लेल्या फळांचा चोथा यांनी तोंड लिंपून घेते. उरते ती जेमतेम चोच बाहेर काढता येईल एवढी उभी फट. आत असतानाच तिची उडायची पिसं झडतात आणि नवी येतात. म्हणजे त्या दिवसांत मनात आणलं तरी तिला उडून जाता येत नाही. अंडी, पिल्लू, स्वतःचं पोट, सगळं एकट्या नराच्या फेऱ्यांवर.

हे मंडळाच्या मुलीने आदल्या रात्री कंदिलाच्या उजेडात समजावलं होतं. कॉलेजात शिकणारी पोर, पण बोलणं ठाम. मळकट रंगाचे कपडे घाला, अत्तर नको, फोन बंद, आणि झावळ्यांच्या आडोशाबाहेर कुणी पाऊल टाकायचं नाही. आडोसा झाडापासून चांगलाच लांब. दुर्बिणीतून ढोली स्पष्ट दिसते, उघड्या डोळ्यांनी फक्त एक काळा डाग.

अंधारातच आम्ही जाऊन बसलो. सात वाजून गेल्यावर आधी आवाज आला. राजधनेशाच्या पंखांचा आवाज लांबून येतो, वाफेचं इंजिन धापा टाकत चढ चढावं तसा. मग नर दिसला. हाताच्या लांबीहून मोठा पक्षी, पिवळी चोच, तिच्यावर पिवळं शिरस्त्राण, लालबुंद डोळा. थेट ढोलीवर न येता तो समोरच्या सातवीणीवर बसला आणि मान वळवून चहूकडे बघू लागला.

नेमकं तेव्हाच आमच्यातले एक गृहस्थ मोठी लेन्स घेऊन आडोशाबाहेर गेले. मध्ये फांदी येत होती म्हणे.

"काका, आत या ना. तो परत जाईल," मुलगी हळू आवाजात म्हणाली.

"अगं, दोन मिनिटं. एवढ्या लांबून आलोय."

नराने मान ताणली, खर्जात एकदा ओरडला आणि घशातल्या फळांसकट डोंगरापलीकडे निघून गेला. गृहस्थ पडद्यावर फोटो मोठा करून बघत परतले. मुलीने एकही शब्द उच्चारला नाही. वहीत वेळ लिहिली आणि पुढे लिहिलं, 'माणूस दिसल्याने परत'. मला मात्र इतका संताप आला की पुढचा वेळ मी त्या माणसाकडे पाहूही शकले नाही. लांबून आलो म्हणजे हक्क मिळतो, हा कुठला हिशोब? आत बसलेल्या जीवाला भूक लागली होती आणि तिचं जेवण समोरच्या झाडापर्यंत येऊन परत गेलं होतं. दुर्बिणीतून फटीत चोचीचं पिवळं टोक दिसायचं, आत जायचं, पुन्हा दिसायचं. नर पुन्हा येईपर्यंत जवळजवळ दीड तास गेला. त्या दीड तासात माझं लक्ष दुसऱ्या कुठल्याच पक्ष्याकडे गेलं नाही, आणि कुटुर्गे तर कानाशी ओरडत होते.

पुन्हा आला तेव्हा सगळे गप्प होते. तो खोडाला बिलगला, शेपटीचा आधार घेतला आणि मान हलवून घशातून एक उंबर चोचीच्या टोकावर आणलं. फटीत दिलं. पुन्हा मान हलवली, पुन्हा उंबर. मुलगी कुजबुजत मोजत होती: उंबर, उंबर, वड, उंबर, मग जायपत्रीच्या लाल जाळीसकट एक रानजायफळ. वहीत 29 फळं झाली. एकही खाली पडलं नाही.

तो गेल्यावर लांबचा वळसा घेऊन आम्ही रानाच्या मालकांकडे गेलो. आजोबा पडवीत आमसुलं वाळत घालत होते. रत्नागिरी जिल्ह्यातलं बहुतेक जंगल असंच खाजगी मालकीचं, त्यामुळे झाड राहणार की नाही हे घरातल्या माणसांवर ठरतं. ठेकेदार त्या बेहड्यासाठी दोनदा येऊन गेला होता. मंडळवाले दर हंगामात घरट्याची राखण करतात आणि आजोबांच्या हातावर थोडंफार ठेवतात. लाकडाच्या किमतीपुढे ते काहीच नाही. राजधनेश 2018 पासून जगभरच्या धोक्यातल्या जातींच्या यादीत असुरक्षित म्हणून नोंदलेला आहे. यादी करणारे परदेशात बसतात, आणि झाड न विकण्याचा तोटा या पडवीतलं घर सोसतं. पाहुण्यांकडून मंडळ घेतं त्याच्या दुप्पट रक्कम घ्यावी आणि ती सरळ इथे द्यावी, असं मी त्या मुलीला सांगून आले. ती म्हणाली, "ताई, मग येणारे आणखी हक्क दाखवतील."

फळं खाऊन मादीने फटीतून बाहेर टाकलेल्या बिया बेहड्याखाली पडतात, त्या मंडळाची मुलं पिल्लू उडाल्यावर गोळा करतात. मागच्या वर्षीची रानजायफळाची रोपं घरामागे पिशव्यांत होती, वीतभर उंच, तुकतुकीत पानांची. जूनमध्ये ती आजोबांच्याच रानात लागणार आहेत.

वाडीचं नाव मी इथे लिहिलेलं नाही आणि फोटोही टाकलेला नाही. मेसेज करून विचारलंत तरी सांगणार नाही. मंडळाने पिल्लू बाहेर पडेपर्यंत पुढचे सगळे गट रद्द केले आहेत, आणि त्यात माझी मे महिन्यातली जागाही गेली. योग्य केलं.