तक्त्यात धोका कमी, लघवीत जास्त

गोडी छाटणीच्या धांदलीत निफाडकडचे एक बागायतदार नाशिकला माझ्याकडे तपासून घ्यायला आले. वय 46, गावच्या शिबिरात वरचं बीपी 168 निघालेलं. दंडाचा घेर भरला 34 सेंमी. बीपी मोजताना दंडाला गुंडाळायचा नेहमीचा पट्टा, म्हणजे कफ, साधारण 32 पर्यंतच पुरतो आणि तोकडा कफ बीपी फुगवून दाखवतो. लघवीला जाऊन यायला सांगितलं, पाठ टेकवून 5 मिनिटं गप्प बसवलं, मोठा कफ लावला. मिनिटभराच्या अंतराने 154/98 आणि 152/96. आठवडाभर घरी मोजलेलंही 135/85 च्या वरच.

"साहेब, साखर नाही, कोलेस्टेरॉल नाही, विडी ओढत नाही. मग गोळी कशाला?"

प्रश्न रास्तच होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या तक्त्यात वय, लिंग, धूम्रपान, मधुमेह, वरचं बीपी, कोलेस्टेरॉल घातलं की पुढच्या 10 वर्षांतल्या हार्ट अटॅक-पक्षाघाताचा धोका कळतो. यांचा 10 टक्क्यांच्या आतच आला. पण त्या आकड्यात वयाचा वाटा फार मोठा, पन्नाशीच्या आतला माणूस सहज सुटतो. वडिलांचा अटॅक, किडनी, तंबाखू-चुना यांना तर रकानाच नाही. यांच्या खिशात चुन्याची डबी होती.

ईसीजीत छातीवरच्या व्ही-1 जागेची एस लहर 17 मिमी, व्ही-5 जागेची आर लहर 22. बेरीज 39, 35 पासून पुढे हृदयाचा डावा कप्पा जाड झाल्याचा संशय. सडपातळ तरुणांत ही बेरीज उगाच वाढते, स्थूल माणसात लहरी उलट बुटक्या दिसतात. म्हणून यांच्यासारख्या भरल्या अंगाच्या माणसाच्या 39 ला मी जास्त किंमत दिली. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, जाडी दिसलीच.

सकाळच्या पहिल्या लघवीत अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, म्हणजे किडनीतून किती प्रोटीन गळतं त्याचं माप, 180 मिग्रॅ/ग्रॅम आला. 30 च्या आत हवा. लघवीत बुडवायच्या साध्या पट्टीवर एवढं प्रोटीन बऱ्याचदा निसटतं. ताप, जंतुसंसर्ग, अंगमेहनत यांनीही रेशो चढतो, म्हणून दोन दिवस बागेत न जाता पुन्हा करायला लावला. 164. जुनाट किडनीविकार म्हणायला हे 3 महिने टिकावं लागतं, औषधाला तेवढी वाट पाहायची नसते.

अवयवाला इजा दिसली की तक्ता बाजूला ठेवायचा. अशी इजा नसती तर मीठ-वजन कमी करण्यावर काही आठवडे काढता आले असते. इथे बीपीची टेल्मिसार्टन आणि कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन लगेच. कंबरदुखीसाठी मनानेच चाललेली वेदनाशामक डायक्लोफेनॅक बंद, ती बीपीही चढवते आणि किडनीलाही नडते. 2 आठवड्यांनी रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीच्या कामाचा आकडा, थोडं वर सरकलं. टेल्मिसार्टननंतर 30 टक्क्यांपर्यंतची वाढ चालते. पोटॅशियम 4.6, ठीक. वरचं बीपी अजून 142 होतं, मग बीपीची दुसरी गोळी अम्लोडिपिन जोडली.