होम कॉकपिट अपडेट: रडर पेडल बसले, स्लो फ्लाइट सुरू

मंडळी, घरच्या फ्लाइट सिम्युलेटरचे रडर पेडल (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवायचे पायातले पेडल) अखेर नीट बसले. बोहरी आळीतून जाड स्प्रिंगा आणि अँगल आणले, प्लायवूडला बोल्ट मारले, आता पाय दाबला की फळी सरकत नाही. त्यामुळे दोन महिने टाळलेलं स्लो फ्लाइट, म्हणजे अगदी कमी वेगात विमान सांभाळायचा सराव, घेतलं.

त्यामागचं कारण ह्यूस्टनचा अपघात. ९ जून २०१६, हॉबी विमानतळ, सिरस एसआर२० हे छोटं विमान, आत तिघं. मोठ्या विमानांची गर्दी, टॉवरच्या सूचना सारख्या बदलतायत, उतरणं जमेना म्हणून पुन्हा पुन्हा गो-अराउंड (उतरणं सोडून परत वर जाणं), आणि शेवटच्या वेळी पुरेसा स्पीड यायच्या आतच फ्लॅप (कमी वेगात पंखांना जास्त उचल देणाऱ्या मागच्या कडेच्या फळ्या) वर घेतले गेले, विमान स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल तुटून, स्पिनमध्ये (गरगरत खाली) गेलं आणि एका पार्किंगमध्ये कोसळलं. तिघंही गेले. सिरसला अख्ख्या विमानाचं पॅराशूट असतं, पण एवढ्या खाली ते उघडायला वेळच मिळत नाही. वाचल्यापासून मला चैन नाही, कारण सिममध्ये मीही थ्रॉटल पुढे ढकलला की त्याच दमात फ्लॅप शून्यावर आणायचो, कित्येक वर्षं.

काल रात्री सिममध्ये खडकवासल्यावर ६,००० फुटांवर मुद्दाम तेच करून पाहिलं. सेसना १७२एस पूर्ण फ्लॅपवर ४० नॉटला (नॉट हे विमानाच्या वेगाचं माप) स्टॉल होतं, फ्लॅप नसताना ४८ ला. मी होतो ४५ वर, म्हणजे फ्लॅप आत गेले की त्या स्पीडला पंख विमान धरूच शकत नाही, आणि वळणात असाल तर अजून वाईट, विमान ४५ अंश कललेलं (बँक) असेल तर ४८ चे जवळपास ५७ होतात. स्टॉलचा इशारा देणारा हॉर्न वाजला, डावा पंख खाली गेला, आणि हाताने आपोआप योक (विमानाचं स्टिअरिंग) मागे ओढला, नेमकं जे करायचं नाही तेच. नाक खाली, उलटा रडर, सावरेपर्यंत ७०० फूट गेले. फायनलवर (धावपट्टीसमोर उतरायच्या शेवटच्या टप्प्यात) एवढी उंची असतेच कुठे?

मग तासभर एकच: फुल थ्रॉटल, फ्लॅप २०, ६० नॉट दिसेपर्यंत फ्लॅपच्या लिव्हरला हात नाही, मग टप्प्याटप्प्याने बाकीचे. दहात सात वेळा जमलं, तीनदा घाई झाली.

रविवारी कोथरूडचा मित्र येतोय. तो टॉवर होणार, लोहगावच्या रनवे २८ वर मी फायनलला असताना सूचना बदलत राहणार, आणि कधी गो-अराउंड द्यायचं ते मला आधी सांगणार नाही.