सही करायच्या आधी माहितीपत्रक घरी आणा

एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायच्या औषधाच्या चाचणीत नाव द्यायचं, तर पहिली अट म्हणजे तुम्हाला एचआयव्ही नसावा. इथंच बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. या चाचणीत कुणी मुद्दाम विषाणू टोचत नाही. औषध घ्यायचं, नेहमीसारखं राहायचं, कंडोम वापरायचाच, आणि ठरल्या तारखेला रक्त द्यायचं.

सातारा-सांगलीत असं केंद्र क्वचितच मिळेल, बहुधा पुणे-मुंबई गाठावी लागते. म्हणून आधी नोंदणी क्रमांक मागा. भारतात २००९ पासून अशी नोंदणी सक्तीची आहे. 'सीटीआरआय' (चाचण्यांची सरकारी नोंदवही), मग वर्ष, महिना आणि आकडा, असा तो क्रमांक असतो. सीटीआरआयच्या संकेतस्थळावर तो टाकला की चाचणी कोण करतंय, कुठं, कुणाला घेणार, सगळं फुकट दिसतं. क्रमांक सांगायला कुणी टाळाटाळ केली तर चहा पिऊन उठा.

माहितीपत्रक मराठीत मिळायला हवं, आणि ते घरी नेऊन पुरेसा वेळ घेऊन वाचायचा तुम्हाला हक्क आहे. वाचता येत नसेल तर केंद्राशी संबंध नसलेला साक्षीदार बसवावा लागतो. काही चाचण्यांत संमती घेताना व्हिडिओ काढतात, पण २०१९च्या नियमांनुसार एचआयव्हीच्या औषधाच्या चाचणीत फक्त आवाज रेकॉर्ड करायचा असतो. समोर कॅमेरा लावला तर विचारा, कशासाठी? माहितीपत्रकावरच चाचणीवर लक्ष ठेवणाऱ्या नैतिकता समितीचा फोन असतो. डॉक्टरांच्या नंबराइतकाच तोही जपून ठेवा, कारण डॉक्टरांविषयीच तक्रार असेल तर तोच कामाला येतो. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई, दोन्ही नियमात आहेत. प्रवासखर्च आणि बुडालेला रोज किती मिळणार, हे मात्र आकड्यात लिहून घ्या.

पहिल्या खेपेला एचआयव्हीबरोबर हिपॅटायटिस बी, क्रिएटिनिन, आणि बायकांची लघवीची गर्भचाचणी होते. एचआयव्ही टाळायला रोज घ्यायची टेनोफोव्हिरची गोळी किडनीवर ताण देऊ शकते, म्हणून क्रिएटिनिन. हिपॅटायटिस बी मुद्दाम बघतात. तीच गोळी त्या विषाणूलाही दाबून ठेवते आणि अचानक बंद केली तर कावीळ उसळू शकते. गेल्या ७२ तासांत धोक्याचा संबंध आला असेल, तर चाचणीत नाव लागायची वाट बघत बसू नका. थेट सिव्हिलला जाऊन पीईपी, म्हणजे संबंधानंतर लागण टाळायची औषधं, मागा. २८ दिवसांचा कोर्स आहे, आणि जितका लवकर तितका बरा. रात्री-अपरात्री कुठं जायचं ते कळेना, तर १०९७ फिरवा.

कोणाला कोणतं औषध, हे संगणक ठरवतो. 'पर्पज १' या दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत इंजेक्शनच्या गटालाही रोजची खोटी गोळी होती आणि गोळीच्या गटांना खोटं इंजेक्शन, म्हणजे कुणालाच अंदाज येऊ नये. २०२४मध्ये निकाल लागला: लेनाकॅपाविर या इंजेक्शनच्या गटातल्या २१३४ तरुणींत एकही लागण नाही.

गोळी चुकली तर लपवू नका. आफ्रिकेतल्या बायकांच्या 'व्हॉइस' चाचणीत परत आणलेल्या गोळ्या मोजल्या तर जवळजवळ सगळ्याच जणी औषध घेताहेत असं दिसत होतं. रक्त तपासलं, तर औषध सापडलं जेमतेम ३० टक्के नमुन्यांत. गोळी कुचकामी निघाली की पोटात गेलीच नाही, हे मग कोण सांगणार? समुपदेशक रागावत नाही, तो फक्त लिहून घेतो. गावची यात्रा, ऊसतोडीचा हंगाम, माहेरपण, याच दिवसांत गोळ्या चुकतात, तेव्हा निघण्याआधी मोजून बरोबर घ्या. बाटली खडखडते म्हणून गोळ्या कागदाच्या पुडीत बांधू नका, दमट हवेत त्या खराब होतात. बाटलीतली सिलिका जेलची पुडी आतच राहू द्या आणि वर थोडा कापूस घाला, आवाज थांबतो.

लेनाकॅपाविरचं इंजेक्शन पोटावर, बेंबीपासून पाच सेंटिमीटर लांब, कातडीखाली देतात. दीड मिलिलिटरची दोन, दर २६ आठवड्यांनी. सुरुवातीला जोडीला पहिल्या दिवशी दोन गोळ्या आणि दुसऱ्या दिवशी दोन, या दुसऱ्या दिवसाच्या घरी घ्यायच्या. नेमक्या त्याच विसरल्या जातात आणि सुरुवातीला औषध रक्तात पुरेसं चढत नाही. टोचल्या जागी वाटाण्यासारखी गाठ येते, ती काही महिने राहू शकते. निऱ्या खोचतो किंवा नाडी बांधतो ती जागा नर्सला आधी दाखवा, म्हणजे ती सोडून टोचता येईल. गाठ चोळायची नाही, शेकायचीही नाही.

मंडळाचं रक्तदान शिबिर आलं की पोरं हात धरून नेतात. या काळात रक्त द्यायचं नाही. औषधामुळे ताजी लागण तपासणीत लपू शकते. कारण सांगायचं नसेल तर 'गोळ्या चालू आहेत' एवढं पुरे, खोटं नाही ते.

लसीच्या चाचणीची गोष्ट वेगळी. पुण्यात २००५ मध्ये तशी एक झाली. लसीमुळे शरीरात प्रतिपिंडं तयार झाली तर लागण नसतानाही साधी तपासणी पॉझिटिव्ह दाखवू शकते. भरतीची तयारी करणाऱ्या आमच्या जिल्ह्यातल्या पोरांनी हे आधीच विचारावं, आणि केंद्राचं पत्र लेखी घेऊन ठेवावं.

मध्येच सोडायला कारण द्यावं लागत नाही. पण इंजेक्शन सोडलं तरी औषध वर्षभर किंवा जास्तही थोडंथोडं अंगात राहतं. तेवढ्या कमी औषधात लागण झाली तर विषाणू त्याला सरावतो, म्हणून त्या काळात रोजची गोळी सुचवतात. निघताना संमतीपत्राची प्रत आणि शेवटच्या इंजेक्शनची तारीख लिहून घ्या. पुढं टीबी निघाला तर ती तारीख डॉक्टरांना लगेच दाखवा. रिफॅम्पिसिनमुळे यकृत हे औषध झपाट्यानं मोडतं, आणि टीबीच्या नेहमीच्या उपचारात रिफॅम्पिसिन असतंच.