आमची वाटचाल: रातांबे, सोलां आणि काकीचं पासबुक

२०१३ च्या मे महिन्यात मागच्या पडवीत सोलां करायला सुरुवात केली, मी, सासूबाई आणि वाडीतल्या तिघी. वेंगुर्ल्याच्या बाजूला रातांबे (कोकमाची फळं) काय कमी नाहीत, निम्मे तर झाडाखालीच कुजायचे. रातांबा फोडायचा, गर-बियांत मीठ घालून आगळ काढायचं, सालं त्यात बुडवून उन्हात, परत बुडवून परत उन्हात, अशी पुटं देत देत काळी सोलां होतात (घाटावर आमसुलं म्हणतात) आणि हे सगळं मृगाच्या आत उरकायचं नाहीतर बुरशी.

पहिल्या वर्षी एक मोठी चूक केली. शनिवारी हिशोब व्हायचा आणि एका काकीचे पैसे तिचा नवरा येऊन घेऊन जायचा, आम्हीपण देत होतो, घरचाच माणूस ना! एक दिवस पाट्या धुताना ती हळूच म्हणाली, "वयनी, पगार माका व्हयो, घोवाक नको." तिची मुलगी दहावी होऊन घरी बसलेली, मंगळसूत्र सोनाराकडे गहाण.

२०१४ ला जनधन आलं तेव्हा म्हंटलं चला, सगळ्यांची खाती काढू. बँकेत साहेब विचारतो, मिस्टर कुठायत? अहो, खातं तिचं! बरं ते झालं, तर पैसे काढायला गेल्यावर अंगठाच उठेना. आगळात आणि मिठात हात घालून घालून बोटांच्या रेषा गेलेल्या, मशीनचा आपला लाल दिवा. तीन फेऱ्या झाल्या. हातमोजे मी त्यानंतर आणले, खरंतर पहिल्या दिवशीच हवे होते.

पगार तेवढाच, फक्त हात बदलला. पण आता त्यातनं घरात अंडी आली, वह्या आल्या, मुलगी कॉलेजला गेली, मग डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) केलं. आता लॅबमधे कामाला आहे आणि पहिल्या पगारांतनं तिने काय केलं तर आईचं मंगळसूत्र सोडवलं. नवरा अजून कुरकुरतो, कुरकुरू दे.

माझंपण वेगळं नव्हतं. ड्रायर हवा होता, २०२० ला पीएमएफएमईची (छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची योजना) ३५ टक्के सबसिडी निघाली पण बँकेला तारण हवं आणि सातबारावर सत्तावीस नावं, त्यात माझं एकपण नाही. सासूबाईंनी तर माहेरचं हक्कसोड पत्र कधीच सही करून दिलेलं, "भावाशी कोण वाकडं घेणार?" हिंदू कायद्यात महाराष्ट्रात १९९४ पासून (तेव्हा लग्न न झालेल्यांना) आणि देशभर २००५ पासून मुलीचा वडिलोपार्जित जमिनीत बरोबरीचा हिस्सा आहे, पण तो मागितला की माहेर तुटतं हे आमच्याकडे सगळ्या जणींना माहिती. शेवटी बचत गटातनं लोन काढलं, तिथे तारण मागत नाहीत, आणि हप्ता चुकला तर गटातल्या बायका घरी येऊन बसतात, ते बँकेच्या नोटिशीपेक्षा भारी!

ड्रायर आला. या सीझनला चौदा जणी आहेत. किती पुटं द्यायची ते काकी ठरवते, मी मधे बोलले की म्हणते, "वयनी, तुमी हिशोब बघा, सोलांचा मी बघतंय."